प्लास्टिकच्या वस्तूंतील स्क्रूचें भोंक

प्रत्येक घरांत असा एखादा तरी स्क्रू असतोच कीं, जो फिरवावा तितका फिरतो, पण कधीं आवळला म्हणून जात नाहीं. तो मिक्सरच्या बुडाचा असेल, टेबलावरील घड्याळाच्या पाठीचा असेल, नाहींतर लहान मुलाच्या बोलक्या बाहुलीच्या पोटावरील झांकणाचा असेल. अशा वेळीं घरांतील वडील मंडळी प्रथम स्क्रूला दोष देतात. स्क्रू निर्दोष ठरला तर ज्यानें तो उघडला त्याला देतात. आणि तो बहुधा घरांतील एखादा दहाबारा वर्षांचा उद्योगी मुलगा असल्यामुळें निकाल लागावयास फारसा वेळ लागत नाहीं. वस्तुतः या खटल्यांतील खरा आरोपी निराळाच असतो. ती वस्तु जन्मास येण्यापूर्वीं, कागदावर तिचें चित्र काढतांना, स्क्रूसाठीं ठेवावयाच्या भोंकाचा व्यास, खोली आणि भोंवतालची जाडी ज्यानें ठरविली, त्याच्या हातून हा गुन्हा घडलेला असतो. पुष्कळदां तर ज्यानें हें कांहींच ठरविलें नाहीं त्याच्या हातून घडतो.

भोंक म्हणजे पदार्थाचा अभाव. अभावाचा एवढा विचार तो काय करावयाचा, असें एखादा नैयायिक विचारील. पण सांच्यांत ओतून केलेल्या वस्तूंत हा अभावच सर्वांत कष्टानें निर्माण करावा लागतो, आणि तो नीट निर्माण झाला नाहीं तर कारखानदाराचे पैसे जातात, गिऱ्हाइकाची वस्तु जाते, आणि बाहुलीच्या झांकणासारख्या ठिकाणीं मुलाच्या जिवावरहि बेतूं शकतें. तेव्हां हा विषय केवळ यंत्रज्ञांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं.

ज्या वस्तूंविषयीं आपण बोलत आहों त्यांतील कितीतरी मुंबईच्या आसपासच्या लहान कारखान्यांत तयार होतात. कल्याण सोडून गाडी कर्जतच्या बाजूस वळली कीं विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशीं स्थानकें ओळीनें लागतात. उल्हासनगराच्या जागीं दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें त्या छावणीच्या बराकींत उतरलीं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वेळचे गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराचा पाया घातला गेला. तेथील पत्ता अद्यापि ‘कँप नंबर अमुक’ असाच सांगतात. सर्वस्व गमावून आलेल्या या लोकांनीं हातीं येईल तो धंदा केला, आणि तयार न होणारी वस्तु नाहीं अशी नगराची ख्याति करून सोडली. मालावरील ‘मेड इन यू. एस. ए.’ या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावण्याची कोटी आतां जुनी झाली असली तरी तिच्यांतील कौतुक व टोमणा दोन्ही अजून ताजीं आहेत. अंबरनाथास एकेकाळीं विम्कोचा काडेपेट्यांचा प्रसिद्ध कारखाना होता; पुढें यंत्रांचे नमुने तयार करणारा सरकारी कारखाना तेथें आला. १९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती अंबरनाथ व बदलापूर या दोन्ही ठिकाणीं आहेत, आणि बदलापूरजवळचें बारवी धरणहि याच महामंडळाचें. या सर्व पट्ट्यांत पत्र्याच्या छपराचा एखादा गाळा, त्यांत एकदोन यंत्रें, आणि शेजारच्या गाळ्यांत सांचे करणारा कारागीर, हा देखावा नवा नाहीं. सांच्यास तेथें ‘डाय’ म्हणतात आणि कच्च्या मालास ‘दाणा’.

अंबरनाथचें शिवालय शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चें आहे. त्याच्या भिंतीवर ज्यानें मूर्ति कोरल्या त्या शिल्पकाराचें काम आणि डायमेकराचें काम यांत एक मूलभूत फरक आहे. शिल्पकार दगडांतून नको तें काढून टाकतो. त्याला जेथें पोकळी हवी तेथें तो छिन्नी चालवितो. प्लास्टिकच्या वस्तूंत तसें नाहीं. वस्तु तयार झाल्यावर तिला गिरमिटानें भोंकें पाडीत बसलें तर दर नगामागें मजुरी पडेल आणि एकाचें भोंक दुसऱ्याशीं जुळणार नाहीं. म्हणून जेथें भोंक हवें तेथें सांच्यांतच पोलादाची एक पिन आधींपासून उभी करावी लागते. वितळलेलें प्लास्टिक तिच्या भोंवतीं वाहतें, थिजतें, आणि पिन बाहेर निघाली कीं तिच्या जागीं भोंक उरतें.

ही ओतण्याची रीत समजण्यास आपला घरचा सोऱ्या पुरेसा आहे. ज्या सोऱ्यास वर फिरवावयाची मूठ व मळसूत्राचा दांडा असतो तो डोळ्यांपुढें आणावा. नळींत पीठ, मागून दाब, पुढें चकतीच्या भोंकांतून बाहेर पडणारी चकली. यंत्रांतहि हाच प्रकार. फक्त पिठाच्या जागीं साबुदाण्याएवढा प्लास्टिकचा दाणा, नळीला बाहेरून विजेची धग, आणि चकतीपुढें घट्ट मिटलेला पोलादी सांचा. दाणा वरच्या नरसाळ्यांतून नळींत पडतो, दोनशें ते अडीचशें अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापून काकवीसारखा दाट होतो आणि शेंकडों वातावरणांच्या दाबानें सांच्यांत शिरतो. अमेरिकेंत हायट बंधूंनीं १८७२ सालीं सेल्युलॉइडसाठीं अशा यंत्राचें पेटंट घेतलें तेव्हां त्यांत नुसता दट्ट्या होता. १९४६ सालीं जेम्स हेंड्री यानें दट्ट्याच्या जागीं फिरतें मळसूत्र आणलें, आणि आजचीं बहुतेक यंत्रें त्याच वळणाचीं आहेत. तेव्हां स्क्रूच्या भोंकाची वस्तु जें यंत्र घडवितें त्याच्या पोटांतहि एक मोठा स्क्रूच आहे, ही गंमत सांगण्यासारखी आहे.

आतां सांच्याकडे वळूं. सांचा साधारणतः दोन अर्ध्यांचा असतो. ते एका सरळ रेषेंत मिटतात व त्याच रेषेंत उघडतात. वस्तु त्यांतून सुटून आली पाहिजे. पंगतींत भाताची मूद पाडतांना वाटी उलटी केली कीं मूद अलगद सुटते, कारण वाटी तोंडाशीं रुंद व बुडाशीं निमुळती असते. तोंडाशीं आवळलेल्या तांब्यांतून कोणी मूद पाडूं पाहील तर भात तांब्यांतच राहील. सांच्याच्या प्रत्येक उभ्या भिंतीला असा किंचित् उतार द्यावा लागतो, आणि भोंकाची पिनहि त्याला अपवाद नाहीं. उलट तिला तो अधिक अवश्य आहे. कारण प्लास्टिक थंड होतांना आकसतें, आणि भोंकाच्या ठिकाणीं तें पिनेवरच आकसतें. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापलेली लोखंडी धाव चढवितो आणि ती निवतांच चाकाला करकचून आवळते, तसाच हा प्रकार. पिन अगदीं सरळ नळकांड्यासारखी ठेवली तर वस्तु तिच्यावरून ओरबाडत निघते, कधीं फाटते, कधीं निघतच नाहीं, आणि मग यंत्रावरचा कामगार हातांत पितळी सळई घेऊन ती खरवडून काढीत बसतो. अर्ध्या अंशाचा उतार दिला कीं हें संकट बहुतांशीं टळतें. अर्धा अंश म्हणजे १० मिलिमीटर खोलीस दोन टोंकांच्या व्यासांत अवघा ०.१७ मिलिमीटर फरक. डोळ्यांस तो दिसतहि नाहीं. स्क्रूच्या भोंकास याहून फारसा जास्त उतार मात्र देऊं नये. नाहींतर वरच्या बाजूस स्क्रू सैल आणि तळाशीं इतका घट्ट होतो कीं तेथें प्लास्टिक चिरतें.

पिनेची दिशा हा याहूनहि मोठा प्रश्न. सांचा ज्या रेषेंत उघडतो त्याच रेषेंत भोंक असेल तर पिन आपोआप बाहेर येते व काम सोपें होतें. पण डब्याच्या बाजूच्या भिंतींत आडवें भोंक हवें असेल तर आडवी पिन लागते, आणि ती वस्तूंत अडकून बसलेली असल्यामुळें सांचा उघडूं शकत नाहीं. अशा वेळीं सांच्यास बाजूनें सरकणारा एक भाग जोडतात. त्याला ‘स्लायडर’ म्हणतात. त्यासाठीं तिरप्या खुंट्या, खाचा, स्प्रिंगा आल्या. सांच्याची किंमत वाढली. आणि चालत्या भागांस जें दुखणें असतें तें, म्हणजे झिजणें व अडकणें, तेंहि आलें. लहान कारखानदाराच्या दृष्टीनें एक स्लायडर वाचविणें म्हणजे कित्येक हजार नगांचा नफा वाचविणें होय. येथें चित्र काढणाऱ्याच्या चातुर्याची कसोटी लागते. आडवें भोंक पूर्ण गोल असण्याचा आग्रह सोडून तें वरच्या कांठापर्यंत उघडें ठेवलें, म्हणजे इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी खाच केली, तर सरळ उघडणारा सांचा पुरतो. वरून झांकण बसलें कीं खाचेचें तोंड बंद होतें. किंवा भिंतीलाच थोडी तिरपी पायरी देतां आली, तर सांच्याचा एक अर्धा वरून व दुसरा खालून येऊन त्या पायरीवर एकमेकांस घांसून बसतात, आणि जेथें दोन पोलादें भिडतात तेथें प्लास्टिक शिरत नसल्यामुळें आडवें भोंक जणूं फुकट मिळतें. ही युक्ति एकदां समजली कीं घरांतील खुर्च्या, टोपल्या, विजेच्या पेट्या यांच्या बाजूचीं भोंकें पाहतांना मोठी मौज वाटते.

पिन फार लांब व बारीक असूं नये, हेंहि उघड आहे. काकवीसारखा दाट ओघ मोठ्या दाबानें एका अंगावर आदळल्यावर एकाच टोंकाशीं रोंवलेली सळई वांकणारच. बंद तळाच्या भोंकाची खोली त्याच्या व्यासाच्या तिपटीच्या आसपास ठेवावी. भोंक आरपार असेल व पिनेचें दुसरें टोंक समोरच्या अर्ध्यांत टेकत असेल तर याच्या दुप्पटीपर्यंत जातां येतें.

स्क्रूचें भोंक नुसत्या पत्र्यासारख्या पातळ भिंतींत चालत नाहीं. आटे धरावयास खोली हवी. म्हणून भिंतीवर एक उभी नळी उठवितात. कारखान्यांत या नळीस ‘बॉस’ म्हणतात. कचेरींतल्या बॉसप्रमाणें हाहि बेताचा जाड असावा लागतो. नवशिका मनुष्य विचार करतो कीं, स्क्रूचा सारा जोर नळीवर येणार, तेव्हां ती जितकी जाड तितकी बरी. येथेंच तो फसतो. प्लास्टिक बाहेरून आंत थिजतें, आणि थिजण्यास लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणांत वाढत नसून जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो: जाडी दुप्पट तर वेळ चौपट. नळीचें बूड जेथें भिंतीस मिळतें तेथें दोन जाड्या एकत्र येऊन गांठ होते. ती बाकीचें सगळें थिजल्यावरहि आंतून पातळ राहते, आणि मागाहून आकसतांना बाहेरचा गुळगुळीत पृष्ठभाग आंत ओढून घेते. नव्या वस्तूच्या दर्शनी बाजूस उजेडांत तिरपें धरून पाहिलें असतां कित्येकदां चार कोपऱ्यांत चार अस्पष्ट खळगे दिसतात. पाठीमागें चार बॉस आहेत याची ती खूण. यासाठीं नळीच्या भिंतीची जाडी मूळ भिंतीच्या सुमारें ६० टक्के ठेवावी, आणि मजबुतीसाठीं जाडी न वाढवितां बाहेरून तीनचार पातळ पडद्या द्याव्या. देवळाच्या भिंतीस बाहेरून धिरे देतात, तशा. तसेंच बॉस कधींहि डब्याच्या कोपऱ्यांत भिंतीला चिकटवून भरीव करूं नये. तो थोडा दूर उभा करून पातळ पडद्यांनीं भिंतीस जोडावा.

खळगा दिसतो एवढ्यानेंच नुकसान संपत नाहीं. समजा, जाड बॉसमुळें एका नगास ३० ऐवजीं ४० सेकंद लागूं लागले. आठ तासांच्या पाळींत पूर्वीं ९६० नग निघत होते ते आतां ७२० निघतील. २४० नग केवळ एका नळीच्या जाडीपायीं थिजत बसले! विजेचें बिल, गाळ्याचें भाडें, कामगाराचा पगार हीं मात्र थिजत नाहींत.

आतां व्यासाविषयीं. प्लास्टिकमध्यें वापरावयाचा स्क्रू बहुधा स्वतःचे आटे स्वतःच पाडीत जातो. भोंकांत आधीं आटे नसतात. म्हणून भोंक स्क्रूहून लहान असावें, पण किती? साधारण नियम असा कीं, स्क्रूचा बाहेरचा व्यास ४ मिलिमीटर असेल तर भोंक ३.२ च्या आसपास, म्हणजे आठ दशांश. मऊ प्लास्टिकला याहून थोडें लहान, कांचतंतु मिसळलेल्या कडक जातीला थोडें मोठें. बॉसचा बाहेरचा व्यास स्क्रूच्या दुप्पट ते अडीचपट, आणि आट्यांची पकड असलेली खोलीहि तितकीच. स्क्रूचें टोंक भोंकाच्या तळास टेकूं नये इतकी जास्त जागा खालीं ठेवावी. आटे पाडतांना निघणारा कीस कोठें तरी मावला पाहिजे. आणि तोंडाशीं अर्धा मिलिमीटरभर खोल असा थोडा रुंद कट्टा ठेवावा, म्हणजे स्क्रू सरळ उभा राहतो व पहिल्याच आट्यास कांठ फुटत नाहीं. हे आंकडे वेदवाक्य नव्हेत. दाण्याची जात बदलली कीं ते बदलतात, आणि जाणता डायमेकर दहा नग काढून, प्रत्येकांत स्क्रू पिळून, तो आंत जावयास किती जोर लागला व आटे तुटावयास किती लागला हें पाहिल्यावांचून राहत नाहीं. दुसरा जोर पहिल्याच्या निदान तिप्पट असावा. कारण जुळणीच्या बांकावर बसलेला कामगार दिवसभरांत शेंकडों स्क्रू पिळतो. त्याचा हात प्रत्येक वेळीं त्याच जोरावर थांबेल ही अपेक्षाच चुकीची आहे. भोंकानेंच त्याला ती सवड दिली पाहिजे.

स्क्रूची जातहि पाहावी लागते. लोखंडाच्या नेहमीच्या स्क्रूच्या आट्याचा कोन ६० अंशांचा असतो. असा बोथट आटा प्लास्टिकांत शिरतांना तें बाजूला रेटतो व नळी आंतून फुगवितो. प्लास्टिकसाठीं मुद्दाम केलेल्या स्क्रूचे आटे उंच, विरळ व धारदार असतात. कित्येकांचा कोन ३० अंशच असतो. ते फाडण्यापेक्षां रुततात. तसेंच, खालून निमुळतें होत गेलेल्या डोक्याचा जो स्क्रू लांकडांत सुरेख बसतो, तो प्लास्टिकांत पाचरीचें काम करतो. लांकूड थोडें दबून त्याला जागा देतें. प्लास्टिक दबत नाहीं, तें महिन्या-दोन महिन्यांनीं भोंकापासून कांठापर्यंत चिरतें. म्हणून सपाट बुडाचें डोकें व त्याखालीं सपाट बैठक हेंच बरें. कांठापासून भोंकहि निदान आपल्या व्यासाइतकें दूर असावें.

चीर पडण्याचें आणखी एक कारण आहे, आणि तें वरून दिसत नाहीं. उल्हास नदीच्या पात्रांतील खडकाला वळसा घालून पाणी पलीकडे पुन्हां एक होतें. तसें प्लास्टिकहि पिनेला वळसा घालून पलीकडे मिळतें. पण पाण्याला सांधा राहत नाहीं, प्लास्टिकला राहतो, कारण दोन्ही ओघांचीं तोंडें तोंपर्यंत निवलेलीं असतात. करंजीच्या कडा कोरड्या झाल्यावर दाबल्या तर त्या चिकटल्यासारख्या दिसतात आणि कढईंत उकलतात, तशी ही गोष्ट. बॉसवर एका बाजूस केसासारखी उभी रेघ दिसते ती हीच. स्क्रूचा बाहेर ढकलणारा जोर नेमका तिच्यावर येतो. उपाय म्हणजे प्लास्टिक सांच्यांत शिरण्याचें तोंड अशा जागीं ठेवणें कीं, ओघ भोंकाशीं पोंचेपर्यंत गरम राहील व सांधा पडलाच तर तो नळीच्या जाड पडद्यापाशीं पडेल. हें तोंड कोठें असावें याचा विचार पुष्कळ ठिकाणीं सर्वांत शेवटीं होतो. आमच्या मतें तो भोंकांच्या विचाराबरोबरच झाला पाहिजे.

झांकण आणि डबा निरनिराळ्या जातीच्या प्लास्टिकचे असले कीं आणखी एक पेंच पडतो. ए.बी.एस. नांवाचें प्लास्टिक निवतांना शेंकडा अर्ध्याच्या आसपास आकसतें, तर पॉलिप्रॉपिलीन शेंकडा १ ते २.५ पर्यंत. हें आकसणें आधीं हिशेबांत धरून सांचा तितका मोठा करतात हें खरें. परंतु दाण्याचा नवा गट आला, किंवा उन्हाळ्यांत सांच्यांत फिरणारें पाणी कोमट झालें, तर अर्ध्या टक्क्याचा फरक सहज पडतो. दोन भोंकांत २०० मिलिमीटर अंतर असेल तर अर्धा टक्का म्हणजे एक मिलिमीटर, आणि तेवढ्यानें स्क्रू तिरका जातो. म्हणून झांकणाचें एक भोंक स्क्रूहून किंचित् मोठें व गोल, आणि दुसरें लांबट ठेवतात. गोल भोंक जागा ठरवितें, लांबट भोंक चूक पोटांत घालतें.

आतां बाहुलीच्या झांकणाकडे येऊं, कारण तेथील स्क्रू सर्वांत मोलाचा आहे. बटणाएवढी चपटी लिथियम बॅटरी मुलानें गिळली व ती अन्ननलिकेंत अडकली, तर तिच्या विजेच्या प्रवाहामुळें तेथील ओलाव्यांत तीव्र दाहक क्षार उत्पन्न होतो आणि दोन तासांच्या आंत भाजल्यासारखी खोल जखम होऊं शकते. अशी नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करीत न बसतां मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. भारत सरकारनें २०२० सालीं खेळण्यांच्या गुणनियंत्रणाचा आदेश काढला व तो १ जानेवारी २०२१ पासून अंमलांत आला. तेव्हांपासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह असणें सक्तीचें झालें. तीन वर्षांखालील मुलांच्या विजेवर चालणाऱ्या खेळण्यांतील बॅटरी, आणि गिळतां येईल इतकी लहान असेल तर थोरल्या मुलांच्या खेळण्यांतीलहि, हत्यारावांचून निघतां कामा नये असें मानक सांगतें. स्क्रू त्यासाठीं आहे.

पण हा स्क्रू इतर स्क्रूंसारखा एकदां बसवून विसरावयाचा नव्हे. बॅटरी संपली कीं तो उघडावा लागतो. प्लास्टिकांतच पाडलेले आटे मोजक्याच वेळां अशी उघडझांक सोसतात. मग झांकण वरून बंद दिसतें, स्क्रूहि जागेवर दिसतो, आणि दोन वर्षांचें मूल तें नखानें उचलतें. जेथें वारंवार उघडणें आहे तेथें प्लास्टिकला आटे धरावयास लावूंच नये. त्यासाठीं पितळेची आंतून आटे पाडलेली लहान चकती भोंकांत बसवितात. तिच्या बाहेरच्या अंगास खरखरीत जाळी असते. तापविलेल्या टोंकानें ती दाबली कीं भोंवतालचें प्लास्टिक वितळून त्या जाळींत भरतें व चकती कायमची रुतते. अशा बारीक पितळी भागांसाठीं जामनगर प्रसिद्ध आहे. ज्यांस तेवढाहि खर्च नको त्यांनीं भोंकाच्या मागें षट्कोनी खळगा ठेवून त्यांत साधा पोलादी नट बसवावा. सांच्यांत त्यासाठीं कांहींच जास्त लागत नाहीं, आणि काम जवळजवळ पितळेइतकें होतें. आपल्या आजोबांच्या घरचीं बेकेलाइटचीं काळीं विजेचीं बटणें पन्नास वर्षें टिकलीं, त्याचें एक कारण हेंच कीं, त्यांतील तारेचा स्क्रू बेकेलाइटांत नव्हे, पितळेंत फिरत असे. खेळणें विकत घेतांना झांकणाचा स्क्रू काढून भोंकांत डोकावून पाहावें. पिवळें चमकलें किंवा नट दिसला तर चार पैसे जास्त द्यावयास हरकत नाहीं. दुकानदार क्षणभर विचित्र नजरेनें पाहील, तें सोसावें.

इतकी काळजी घेऊनहि पहिल्या खेपेस भोंक बरोबर येईलच असें नाहीं. अनुभवी डायमेकर म्हणून दोन गोष्टी करतो. भोंकाची पिन तो सांच्याच्या मुख्य ठोकळ्यांतूनच कोरून काढीत नाहीं. वेगळी करून बसवितो, म्हणजे बिघडली तर तेवढीच बदलतां येते. आणि ती तो प्रथम किंचित् जाड ठेवतो. शिंपी वाढत्या मुलाचा सदरा शिवतांना शिवणींत कापड दाबून ठेवतो, कारण कापलेलें कापड पुन्हां जोडतां येत नाहीं. पोलादाचेंहि तसेंच आहे. पिन जाड असल्यामुळें भोंक मोठें आलें व स्क्रू सैल झाला, तर पिन थोडी घांसली कीं भोंक लहान होतें. पिन आधींच बारीक केली असेल तर तिला जाड करण्याचा मार्ग नाहीं; नवीन करावी लागते.

घरीं करण्यासारखी गोष्ट याहून सोपी आहे. प्लास्टिकांतला स्क्रू परत लावतांना तो एकदम आवळावयास लागूं नये. तसें केलें कीं तो जुने आटे सोडून नवे आटे पाडतो, आणि दोनचार वेळांत दोन्ही मिळून भुगा होतो. स्क्रू भोंकावर सरळ उभा धरून, अगदीं हलक्या हातानें, आधीं उलटा, म्हणजे उघडण्याच्या दिशेनें फिरवावा. एका फेऱ्याच्या आंत तो हलकेच टक् करून खालीं बसल्याचें बोटांस कळतें. तो जुन्या आट्याच्या तोंडाशीं आला. मग सुलटा फिरवावा. तो जवळजवळ आपण होऊन आंत जातो. डोकें टेकलें कीं थांबावें. स्क्रू जड जातो म्हणून त्यावर तेल घालूं नये. कांहीं जातींच्या प्लास्टिकला ताणाखालीं तेल लागलें कीं चिरा पडतात. भोंक सैलच झालें असेल तर घड्याळाच्या पाठीसारख्या ठिकाणीं काडेपेटीच्या काडीची एक बारीक चीप भोंकांत घालून स्क्रू बसवितात, आणि तेवढ्यापुरतें तें धकतें. मिक्सरच्या बुडाशीं आंत वीज खेळत असते, तेथें व बॅटरीच्या झांकणाशीं मात्र ही काडी घालूं नये. मिक्सर दुरुस्तीस द्यावा, आणि खेळणें मुलाच्या हातून काढून घ्यावें.